गोटखिंडीची मशीद, भायखळ्याचा जुलूस: दुसऱ्याच्या सणात सामील व्हायचं म्हणजे नेमकं काय?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. तिथल्या झुंजार चौकात 'न्यू गणेश तरुण मंडळ' दरवर्षी गणपती बसवतं. मूर्ती मात्र मांडवात नसते. ती गावच्या मशिदीत असते. १९८० पासून हे असंच चालत आलं आहे.

त्यामागची गोष्ट गावातली जुनी मंडळी सांगतात. १९६१ च्या सुमारास गणेशोत्सवात जोराचा पाऊस झाला. चौकातल्या मूर्तीवर पाणी गळू लागलं. तेव्हा शेजारच्या मुस्लिम बांधवांनीच सांगितलं, मूर्ती मशिदीत आणा. पुढे १९८० मध्ये मंडळाची रीतसर स्थापना झाली आणि मशिदीत गणपती बसवण्याची पद्धत पडली. आज मंडळात मुस्लिम सदस्य आहेत. प्रसादाच्या तयारीपासून विसर्जनापर्यंत ते हात लावतात. दहा दिवसांनी, अनंत चतुर्दशीला, मूर्तीचं विसर्जन होतं आणि मशीद पुन्हा नेहमीसारखी होते.

अशा बातम्या दर सप्टेंबरला येतात. फोटो छापले जातात, 'सलोख्याचं दर्शन' असा मथळा दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. आम्हीही अशा बातम्या अनेकदा दिल्या आहेत. पण वाचक आम्हाला वेगळंच विचारतात. मुस्लिम वाचक विचारतात, "यात आपला अकिदा कुठे राहतो?" हिंदू वाचक विचारतात, "आम्ही बोलावलं तर येतील का? प्रसाद दिला तर घेतील का? वाईट तर वाटणार नाही ना?" आणि दोन्हीकडची तरुण पोरं विचारतात, "एकाच दिवशी दोन मिरवणुका आल्या तर करायचं काय?"

हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरंही आहेत. ती महाराष्ट्रातल्या गावांनी आणि शहरांनी स्वतःच शोधून काढली आहेत. या लेखात आम्ही ती नीट मांडण्याचा प्रयत्न करत आहोत.

आधी चंद्राचं गणित

'यंदा योगायोगाने दोन सण एकत्र आले' असं वाक्य आपण नेहमी वाचतो. खरं तर हा योगायोग नाही, साधं गणित आहे.

हिजरी महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो. मराठी महिनाही अमावस्या संपली की सुरू होतो. म्हणजे आपल्या दोन्ही दिनदर्शिका एकाच चंद्रावर चालतात. त्यांच्या तारखा जवळजवळ बरोबरीने पुढे सरकतात. हिजरी तारीख तिथीच्या साधारण एक-दोन दिवस मागे असते, एवढंच. म्हणून मोहरमची १० तारीख, म्हणजे आशुरा, शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आसपासच येणार. रबी-उल-अव्वलची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासच येणार.

मग हे सण दरवर्षी एकत्र का येत नाहीत? कारण अधिक महिना. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढायला हिंदू पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास धरतात. हिजरी दिनदर्शिकेत असा जादा महिना नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षं एक जोडी जमते, मग अधिक मास येतो आणि जोडी बदलते.

गणेशोत्सवापुरतं पाहू. २००७ ते २००९ या तीन वर्षांत गणेशोत्सव रमजानमध्ये आला. २०१५ ते २०१७ मध्ये त्याच दहा दिवसांत बकरी ईद आली. २०१८ ते २०२० मध्ये मोहरम आला. २०२३ ते २०२५ मध्ये ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीला येऊन भिडली. मोहरम आणि गणपती याआधी एकत्र आले होते ते १९८५ ते १९८७ मध्ये. म्हणजे ३३ वर्षांचं हे चक्र आहे.

याचा अर्थ असा की हे दिवस आपल्याला कित्येक वर्षं आधी माहीत असतात. ऐनवेळी पळापळ करण्याचं कारणच नाही. ज्या गावांनी हे ओळखलं, ती गावं आधी बसून बोलतात. ज्यांनी ओळखलं नाही, तिथे आदल्या रात्री पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलवावी लागते.

कुरुंदवाडमध्ये पंजे आणि गणपती शेजारी शेजारी

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या जवळच, कुरुंदवाड हे जुनं संस्थानी गाव आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाच्या या भागात गणपती आणि पीर दोघांचाही मान आहे. कुरुंदवाडमध्ये तर एक नव्हे, पाच मशिदींत गणपती बसतो. हिंदू-मुस्लिम कार्यकर्ते मिळून तो बसवतात.

मोहरम आला की याच मशिदींत पंजे बसतात. २०१८ ते २०२० या वर्षांत दोन्ही एकाच वेळी होतं. एका बाजूला पंजे, दुसऱ्या बाजूला गणपती. एकीकडे मोदक, दुसरीकडे चोंगे. ज्यांना चोंगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हा मोहरममधला खास गोड पदार्थ. गव्हाच्या पिठात गूळ घालून, नक्षीच्या लाकडी साच्यावर दाबून करतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या हिंदू घरांतही नवसाला चोंगे होतात.

इथे उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मुस्लिमांनी हिंदूंच्या सणात जावं, एवढाच हा व्यवहार नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात अशी गावं आहेत जिथे एकही मुस्लिम घर नाही, तरी मोहरमला पंजे बसतात. ते हिंदू घरंच बसवतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. तिथे ताबुताचा मान हिंदू घराण्यांकडेही आहे. बांबूचे हे मनोरे भेटीसाठी चौकात येतात तेव्हा सगळा तालुका लोटतो.

म्हणून कोणी विचारलं की मुस्लिमांनी मशिदीत गणपतीला जागा का दिली, तर उत्तर सोपं आहे. त्यांच्या पिरालाही शेजाऱ्यांनी घरात जागा दिली होती.

पण इतिहास असा गोड-गोड नव्हता

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवायला नको. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवातच एका ताणाच्या काळात झाली.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याआधी पुण्यात आणि इतर शहरांत हिंदू मोठ्या संख्येने मोहरममध्ये भाग घेत. ताबूत करत, मिरवणुकीत वाजवत, नाचत. दंगलीनंतर हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावं असा प्रचार झाला. त्याच सुमारास लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणपतीला घराच्या देव्हाऱ्यातून रस्त्यावर आणलं. पुढच्या काळात गणपतीचे मेले निघू लागले. मिरवणूक, मेले, गाणी या रूपात मोहरमच्या मेळाव्यांची छाया होती, असं इतिहासाचे अभ्यासक नोंदवतात. म्हणजे काही वर्षांतच पुण्यातला एक सामायिक उत्सव दोन तुकड्यांत विभागला गेला.

पुढे त्याच गणेशोत्सवात स्वातंत्र्याची भाषणं झाली आणि त्याला वेगळं वळण लागलं. पण आपल्याला यातून धडा घ्यायचा तो असा. सण जोडतोच असं नाही. तो तोडूही शकतो. मशिदीसमोर वाद्यं वाजवण्यावरून झालेले वाद शंभर वर्षांहून जुने आहेत. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं, बंद झाला, दगडफेक झाली. कुरुंदवाड त्याच जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गणपती आले आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशीच ईद-ए-मिलाद होती. अशा वेळी मशिदीचं दार उघडं ठेवणं सोपं नसतं. ते उघडं राहतं कारण गावातली माणसं आधीपासून एकमेकांशी बोलत असतात.

काय हलवता येतं, काय नाही

या सगळ्या गावांचा आणि शहरांचा अनुभव पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांना हे जमतं, ते एकमेकांच्या धर्मातल्या दोन गोष्टी ओळखतात. कोणती गोष्ट हलवता येत नाही, आणि कोणती हलवता येते.

न हलणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसतो, ती तिथी बदलत नाही. पाच वक्तांच्या नमाजची वेळ सूर्यावर ठरते, ती कोणाच्या सोयीने बदलत नाही. जुम्याची नमाज शुक्रवारीच होते. ईदची नमाज ईदच्या सकाळीच होते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मुस्लिमासाठी इबादत फक्त अल्लाहची. तिथे तडजोड नाही आणि ती कोणी मागूही नये.

हलणाऱ्या गोष्टींची यादी मात्र लांब आहे. आरती दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे करता येते. अजानच्या वेळी ढोल-ताशा थांबवता येतो. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, मशिदीसमोरून जाताना आवाज कमी करणं, हे सगळं माणसांच्या हातात आहे. गणपतीचं विसर्जन कोणी दीड दिवसांनी करतं, कोणी पाच, कोणी सात, कोणी दहा दिवसांनी. त्याच्याही वेळा ठरवता येतात.

आपल्या बाजूनेही तसंच. ईद-ए-मिलादचा जुलूस हा आनंद व्यक्त करण्याचा रिवाज आहे. तो अमुक दिवशीच काढावा असं धर्माचं बंधन नाही. कुर्बानीला १०, ११ आणि १२ जिलहिज असे तीन दिवस मिळतात. त्यातल्या कोणत्याही दिवशी ती करता येते.

हे एकदा समजलं की पुढचं बरंचसं सोपं होतं. भांडणं बहुतेक वेळा हलणाऱ्या गोष्टी न हलणाऱ्या समजल्यामुळे होतात. मार्ग बदलला म्हणजे धर्म बुडाला, असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा तो धर्माबद्दल बोलत नसतो.

भायखळ्याने तीन वर्षं काय केलं

मुंबईचं उदाहरण ताजं आहे. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस निघतो. खिलाफत चळवळीच्या काळापासूनची ही परंपरा आहे. दुसरीकडे अनंत चतुर्दशीला मुंबईचे रस्ते लालबाग-परळपासून गिरगाव चौपाटीपर्यंत गणपतीच्या मिरवणुकीने भरलेले असतात. पोलिसांचा सगळा बंदोबस्त तिथे लागतो.

२०२३ मध्ये दोन्ही सण एकाच तारखेला आले, २८ सप्टेंबरला. मुस्लिम समाजातल्या जाणत्यांनी बैठक घेतली आणि जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला काढायचं ठरवलं. राज्य सरकारने २९ तारखेला सुट्टी जाहीर केली.

२०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला होती, अनंत चतुर्दशी १७ ला. पुन्हा जुलूस १८ सप्टेंबरला गेला. मुंबई शहर आणि उपनगरात सुट्टीही १८ ला नेण्यात आली. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी ६ ला. जुलूस ८ सप्टेंबरला निघाला, मुंबईत सुट्टीही ८ ला झाली.

सलग तीन वर्षं. यात कोणाचाही सण बुडाला नाही. ईदच्या दिवशी घरोघरी दरूद झालं, मशिदींत बयान झाले. फक्त रस्त्यावरचा जुलूस पुढे गेला. समाजात यावर चर्चा झाली नाही असं नाही. "दरवेळी आपणच का मागे हटायचं?" असा सवाल काही तरुणांनी केला. तो सवाल आम्हाला चुकीचा वाटत नाही. त्याचं उत्तर असं की ज्याच्या सणाचा दिवस हलू शकत नाही त्याला जागा देणं म्हणजे मागे हटणं नव्हे. विसर्जन त्या तिथीलाच होतं, जुलूस दोन दिवसांनीही निघतो. पण उद्या उलटी वेळ आली, आपली न हलणारी गोष्ट समोर आली, तर तिथे जागा मागण्याचा हक्कही आपल्याला आहे. मार्च २०२५ मध्ये धुळवड रमजानमधल्या शुक्रवारी आली होती. तेव्हा जुम्याच्या नमाजची वेळ सांभाळून रंग खेळायचा, ही अपेक्षा तितकीच रास्त होती.

आषाढी आणि बकरी ईद

वर सांगितलेलं गणित आषाढीलाही लागू पडतं. बकरी ईद १० जिलहिजला, म्हणजे एकादशीच्या आसपास. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. एकीकडे उपवास, पांडुरंगाचं दर्शन, लाखो वारकरी. दुसरीकडे कुर्बानीचा दिवस.

तेव्हा पंढरपूरच्या आणि इतर अनेक गावांच्या मुस्लिमांनी ठरवलं की एकादशीला फक्त ईदची नमाज पढायची, कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची. शरियतमध्ये तीन दिवसांची मुभा असल्याने कोणाचंही फर्ज किंवा वाजिब सुटलं नाही. आणि वारकऱ्यांच्या उपवासालाही धक्का लागला नाही. वर्षानुवर्षं दिंड्यांना पाणी देणारे, वारीच्या वाटेवर चहा-फराळाची सोय करणारे मुस्लिम या राज्यात आहेत. त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

गणेशोत्सवात मात्र पेच थोडा वेगळा आहे, कारण तिथे कुर्बानीचे तिन्ही दिवस उत्सवाच्या दहा दिवसांतच पडतात. पुढे ढकलून चालत नाही. गोटखिंडीत बकरी ईद गणपतीत आली तेव्हा तिथल्या मुस्लिमांनी ईदची नमाज अदा केली आणि गावात मांसाहार टाळला. ज्यांना कुर्बानी करायची असते ते अशा वेळी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे किंवा संस्थेमार्फत ती करू शकतात. पण एक गोष्ट आम्ही इथे आवर्जून सांगू. हे गावाने स्वतःहून केलं म्हणून त्याला मोल आहे. कोणी दमदाटीने करायला लावलं असतं तर त्यात सलोखा उरला नसता, फक्त भीती उरली असती.

प्रसाद, आरती आणि अकिदा

आता वाचकांच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. शेजाऱ्याच्या घरी गणपती आहे. बोलावणं आलं आहे. जायचं का?

आमच्या बहुतेक घरांत लहानपणापासून जाणं-येणं आहे. शेजारच्या काकूंची आरास पाहायची, कोकणात असाल तर उकडीचे मोदक, देशावर असाल तर तळणीचे, जे मिळेल ते खायचं. आपल्याकडून ईदला शीरखुर्मा जायचा. शीरखुर्म्यात दूध, शेवया, खजूर, सुकामेवा. शाकाहारी घरालाही चालतो. म्हणून तर तो डबा हिंदू शेजाऱ्यांकडे हमखास पोचतो.

धर्माच्या अंगाने पाहिलं तर आपल्यात दोन-तीन मतं आहेत आणि ती प्रामाणिक आहेत. काही जण म्हणतात, शेजाऱ्याच्या आनंदात जावं, मदत करावी, पण पूजेत भाग घेऊ नये. काही जण मूर्तीला दाखवलेला नैवेद्य घेत नाहीत, पण त्याच घरातलं जेवण आनंदाने जेवतात. काही जण प्रसादही आदराने घेतात. काही आलिम या बाबतीत कडक आहेत, काही सौम्य. कोणाला शंका असेल तर त्याने आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही इथे फतवा द्यायला बसलेलो नाही.

पण यजमानाला आणि पाहुण्याला दोघांनाही उपयोगी पडेल असं काही सांगता येतं.

यजमान हिंदू असेल तर पाहुण्याला आरतीच्या ताटासमोर उभं राहायचा आग्रह करू नये. तो मागे उभा राहिला, किंवा बाहेर बसला, तर तो अपमान नाही. प्रसाद आणि जेवण वेगळं ठेवलं तर ज्याला जे चालतं ते तो घेईल. आणि कोणी हात जोडून "नको" म्हणाला तर विषय तिथेच सोडावा.

पाहुणा मुस्लिम असेल तर त्याने जाणं टाळू नये. अडचण असेल तर ती आधीच सांगावी. "दादा, मी आरतीनंतर येतो, मग निवांत बसू," एवढं म्हटलं की मराठी घरात कोणी रागावत नाही. न सांगता न जाणं मात्र माणसाला लागतं. दहा वर्षं बोलावून एकदाही न आलेल्या शेजाऱ्याबद्दल मनात काय साचत असेल याचा विचार करावा.

गोटखिंडी-कुरुंदवाडच्या मशिदींबद्दलही असंच म्हणता येईल. तिथली व्यवस्था त्या गावांच्या इतिहासातून आली आहे. दुसऱ्या गावाने तशीच नक्कल करायलाच हवी असं नाही. कुठे मशीद गणपतीला जागा देते, कुठे मशिदीतून मिरवणुकीला पाणी आणि सरबत दिलं जातं, कुठे मुस्लिम पोरं गर्दी सांभाळायला दोरी धरून उभी असतात. मदतीचा आकार वेगळा असू शकतो. विचारपूस असावी लागते.

या सणावर आपली चूलही पेटते

अजून एक गोष्ट कमी बोलली जाते. गणेशोत्सवात किती मुस्लिम हात राबतात ते आठवून पाहा. मिरवणुकीतले बॅंडवाले, ताशेवाले, मांडवाचं कापड आणि लायटिंग लावणारे, सजावटीचं सामान विकणारे, फुलांचे व्यापारी, ट्रकचे चालक. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत गणपतीच्या आधी पंधरा दिवस पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथल्या कित्येक दुकानांच्या गल्ल्यावर मुस्लिम माणूस बसलेला असतो. त्याला कोणती झालर कोणत्या आराशीला शोभेल हे तोंडपाठ असतं.

म्हणून जेव्हा 'अमुक लोकांकडून सामान घेऊ नका' असे संदेश मोबाईलवर फिरतात तेव्हा ते फक्त भावना दुखावत नाहीत, ते एखाद्या घराचा वर्षाचा धंदा मारतात. आणि त्याचबरोबर मंडळाच्या पोरांचा वर्षानुवर्षांचा ओळखीचा लाइटवालाही जातो. नुकसान दोन्हीकडे होतं.

पुढची जोडी येण्याआधी

गणित आपल्याला पुढचंही सांगतं. २०२६ चा गणेशोत्सव १४ सप्टेंबरला सुरू होतो आणि तेव्हा हिजरी महिना रबी-उल-आखिर असेल. म्हणजे ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी यांची जोडी सुटली. आता बरीच वर्षं गणपतीच्या दहा दिवसांत आपला कोणताही मोठा सण येणार नाही. मग २०४० च्या आसपास रमजान येईल. त्यानंतर काही वर्षांनी बकरी ईद, मग २०५० च्या आसपास मोहरम.

आज जी मुलं दहा वर्षांची आहेत, तीच तेव्हा मंडळाची अध्यक्ष आणि मशिदीच्या कमिटीची सदस्य असतील. सायंकाळी इफ्तार आणि आरती एकाच वेळी आली तर काय करायचं, हे त्यांना ठरवायचं आहे. त्यांनी तोवर एकमेकांची घरं पाहिलेली असतील तर ते पाच मिनिटांत ठरेल. नसतील तर पोलीस ठाण्यात ठरेल, किंवा ठरणारच नाही.

सण एकत्र येतात तेव्हा आपण जागे होतो. खरी परीक्षा मधल्या शांत वर्षांत असते, जेव्हा एकमेकांकडे जायला तारखेचं निमित्त नसतं. म्हणून या वर्षी मंडळाने वर्गणीची पावती मागायला येण्याआधी एकदा मशिदीच्या कमिटीबरोबर चहा घ्यावा. आपल्या कमिटीनेही त्यांची वाट न पाहता स्वतः जावं. जाताना नमाजच्या वेळांचा कागद न्यावा, येताना आरतीच्या वेळा लिहून आणाव्यात. दोन्ही कागद मशिदीच्या आणि मांडवाच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवावेत.

गोटखिंडीतही सगळं असंच सुरू झालं. पाऊस पडत होता, मूर्ती भिजत होती, आणि कोणीतरी म्हणालं, आत आणा.